प्लगइन बदलण्याआधी लॉग वाचा: सहा उपायांच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

नागपुरात फ्लटरवर, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी अ‍ॅप बनवण्याच्या साधनावर, मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्या आम्हा मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. आयटी पार्कमधील नवी मुले तो एकमेकांना पाठवतात आणि महाविद्यालयातले विद्यार्थी तो जपून ठेवतात. त्याचा सारांश असा आहे. प्लगइन, म्हणजे ब्लूटूथ किंवा कॅमेऱ्यासारखी फोनची सोय अ‍ॅपला जोडून देणारा तयार कोड, चालेनासे झाले की दोष प्लगइनचा समजून दुसरे घ्यावे. ‘फ्लटर क्लीन’ ही सफाईची आज्ञा चालवावी. सगळी प्लगइन एकदम ताज्या आवृत्तीवर न्यावीत. डीबगमध्ये, म्हणजे विकासकाच्या चाचणीसाठीच्या रूपात, अ‍ॅप चालत असेल तर दोष ग्राहकाच्या फोनचा मानावा. ग्राहकाला अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला सांगावे. आणि एवढे करूनही जमले नाही तर प्लगइन एकेक करून काढत जावे. लॉग, म्हणजे अ‍ॅप चालताना काय घडले याची नोंद, वाचत बसण्यात वेळ घालवू नये, अशी पुस्तीही शेवटी जोडलेली आहे.

या सहांपैकी एकही उपाय सर्वस्वी खोटा नाही, आणि म्हणूनच हा संदेश इतका टिकला आहे. माझा आक्षेप असा की यातला जवळजवळ प्रत्येक उपाय दोष कुठे आहे हे सांगणारी खूण पुसून टाकतो, आणि त्यानंतर अ‍ॅप चालू झाले तरी ते का चालू झाले हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिला दावा दोष प्लगइनचाच असतो हा आहे. फ्लटरमधील प्लगइन ही एकसंध वस्तू नसते. एक भाग फ्लटरच्या डार्ट भाषेत असतो, दुसरा फोनच्या बाजूच्या कोटलिन, जावा किंवा स्विफ्ट भाषेत असतो, आणि या दोहोंमध्ये मेथड चॅनेल नावाची निरोपाची वाट असते. अ‍ॅप सुरू होताना एक आपोआप तयार झालेली फाइल प्रत्येक प्लगइनची नोंदणी करते. याखेरीज अँड्रॉइडवर प्रत्येक प्लगइन आपले मॅनिफेस्ट, म्हणजे लागणाऱ्या परवानग्या वगैरे जाहीर करणारी फाइल, घेऊन येते आणि ते अ‍ॅपच्या मॅनिफेस्टमध्ये मिसळले जाते. म्हणजे बिघडण्याच्या जागा निदान पाच झाल्या, आणि त्यातल्या काही प्लगइनच्या लेखकाच्या हातात नसून आपल्या हातात असतात.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे. कळमना बाजारातील एका अडतीच्या दुकानासाठी आम्ही काटापट्टी, म्हणजे मालाच्या वजनाची चिठ्ठी, छापणारे अ‍ॅप केले होते. वजन नोंदवायचे आणि ब्लूटूथने जोडलेल्या छोट्या थर्मल प्रिंटरवर पट्टी काढायची, इतकेच त्याचे काम. मार्चचा दुसरा पंधरवडा होता, मृग बहाराची संत्री येत होती, आणि सकाळी सातला मुनीमजींचा फोन आला, “भाऊ, पट्टी निघून नाही राहिली.” ऊन वाढल्यामुळे फोन तापला असेल, हे त्यांचे निदान होते. प्लगइन जुने झाले असेल, हे माझे निदान होते, आणि आज पाहता दोन्हींची योग्यता सारखीच होती. मी त्या संदेशात सांगितल्याप्रमाणे प्रिंटरचे प्लगइन बदलले. दुसरेही चालले नाही. तिसरे घेतले, तेही प्रिंटरची यादी रिकामीच दाखवू लागले. दोन दिवस गेले, आणि तोवर काट्यावरचा मुलगा कार्बन घालून हाताने पट्ट्या लिहीत होता.

तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो, फोनला केबल लावली आणि लॉगकॅट, म्हणजे अँड्रॉइडचा लॉग दाखवणारे साधन, उघडले. दुकानात दोन फोन होते. अँड्रॉइड १० असलेल्या जुन्या फोनवर पट्टी निघत होती आणि नव्या फोनवर निघत नव्हती. नव्या फोनवर ‘छापा’ हे बटण दाबताच लॉगमध्ये सिक्युरिटी एक्सेप्शनची, म्हणजे परवानगीअभावी काम अडल्याचे सांगणाऱ्या अपवादाची, ओळ उमटली, आणि ब्लूटूथ कनेक्टची परवानगी हवी असल्याचे त्यात सरळ लिहिले होते. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे एपीआय ३१ पासून, जोडलेल्या ब्लूटूथ उपकरणांची यादी मागायलाही वापरणाऱ्याकडून ही परवानगी घ्यावी लागते. आदल्या महिन्यात आम्हीच अ‍ॅपची लक्ष्य पातळी, म्हणजे ते अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीचे नियम पाळते हे सांगणारा आकडा, वाढवली होती, म्हणून नवा नियम आमच्या अ‍ॅपला लागू झाला होता, आणि परवानगी विचारणारा कोड मात्र आम्ही लिहिलेला नव्हता. प्लगइनने एवढेच केले होते की तो अपवाद पकडून लॉगमध्ये टाकला आणि आम्हाला रिकामी यादी परत दिली. ही त्याची वाईट सवय आहे यात शंका नाही. पण तीच सवय तिन्ही प्लगइनना असल्यामुळे चौथे घेऊनही काही बदलले नसते. परवानगी मागणाऱ्या चार ओळी लिहिल्या, फोनवर ‘अनुमती द्या’ दाबले, आणि पट्टी निघाली.

दुसरा दावा ‘फ्लटर क्लीन’चा आहे, आणि त्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. ही आज्ञा प्रकल्पातील ‘बिल्ड’ आणि ‘डार्ट टूल’ या फोल्डरमधील तयार झालेल्या फाइली काढते. प्लगइनच्या आवृत्त्या जिथे बांधलेल्या असतात त्या ‘पबस्पेक लॉक’ फाइलला ती हात लावत नाही, आणि उतरवलेली प्लगइन साठवणाऱ्या संगणकावरच्या सामायिक पब कॅशला किंवा अँड्रॉइडचे बिल्ड करणाऱ्या ग्रेडलच्या कॅशलाही लावत नाही. मग ती चालवल्यावर कधीकधी प्लगइन चालू का होते? बहुतेक वेळा असे झालेले असते की नवे प्लगइन जोडल्यानंतर विकासकाने पुन्हा बिल्ड न करता फक्त हॉट रीलोड किंवा हॉट रीस्टार्ट या झटपट सोयींनी बदल फोनवर पाठवलेला असतो. या दोन्हींनी डार्टचा भाग बदलतो, पण कोटलिनचा भाग फोनवर पोहोचत नाही, आणि त्यामुळे तो भाग सापडत नसल्याचे सांगणारे ‘मिसिंग प्लगइन एक्सेप्शन’ येते. अ‍ॅप पूर्ण थांबवून पुन्हा बिल्ड केले असते तरी काम झाले असते. क्लीननंतर तेच सक्तीने करावे लागते, आणि श्रेय मात्र क्लीनला मिळते.

सगळे एकदम अद्ययावत करा, हा तिसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो. आवृत्तीपुढे जे टोपीचे चिन्ह (^) असते त्याचा अर्थ अनेकांनी नीट पाहिलेला नसतो. टोपीसह १.४.२ लिहिले तर २.०.० च्या आतले काहीही चालते, टोपीसह ०.४.२ लिहिले तर मात्र ०.५.० च्या आतलेच चालते, कारण शून्याने सुरू होणाऱ्या आवृत्तीत मधला आकडा बदलणे हाच मोठा बदल मानला जातो. ‘मेजर व्हर्जन्स’ हा पर्याय लावून अपग्रेड केले की या सगळ्या मर्यादा एका फटक्यात ओलांडल्या जातात. वीस प्लगइन एका संध्याकाळी बदलली आणि सकाळी अ‍ॅप उघडताच बंद पडले, तर वीस संशयित समोर उभे राहतात, आणि जुना दोष गेला की नव्याखाली झाकला गेला हेही कळत नाही. याउलट अँड्रॉइडचे बिल्ड करणारे अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन (हे फ्लटरचे प्लगइन नव्हे) २०२३ मध्ये ८.० वर गेले तेव्हा प्रत्येक मॉड्यूलच्या बिल्ड फाइलमध्ये नेमस्पेस, म्हणजे त्या मॉड्यूलच्या कोडचे स्वतःचे नाव, लिहिणे सक्तीचे झाले, आणि ते न लिहिलेली कितीतरी जुनी प्लगइन बिल्डच होईनात. तिथे संदेशात नेमस्पेस नसलेल्या मॉड्यूलचे नाव स्पष्ट येते, म्हणून तेवढे एकच प्लगइन बदलले की पुरते.

एक गोष्ट मात्र या दाव्याच्या बाजूने मान्य केली पाहिजे. १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्ले अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढील पातळी लक्ष्य करणाऱ्या अ‍ॅपकडून १६ केबीच्या मेमरी पानांची (मेमरी ज्या तुकड्यांत वाटली जाते त्यांची) सोय मागते. ज्या प्लगइनच्या पोटात सी किंवा सी++ मधून तयार झालेल्या एसओ फाइली, म्हणजे यंत्रभाषेतला तयार कोड, असतात, त्या जुन्या पद्धतीने ४ केबीच्या पानांसाठी बांधलेल्या असतील तर नवी आवृत्ती घेण्यावाचून गत्यंतर नाही. पण तेही नावे पाहून, एकेक घेऊन आणि दर वेळी गिट या कोडमधील बदल जपणाऱ्या साधनात वेगळी नोंद करून करावे.

चौथा दावा डीबग आणि रिलीज, म्हणजे ग्राहकाला जाणारे बिल्ड, यांच्याविषयी आहे: डीबगमध्ये चालते म्हणजे कोड बरोबर आहे. हे दोन बिल्ड एकच नाहीत. फ्लटरने बनवलेल्या नव्या प्रकल्पात इंटरनेटची परवानगी डीबग आणि प्रोफाइलच्या (वेग मोजण्यासाठीच्या बिल्डच्या) मॅनिफेस्टमध्ये असते, मुख्य मॅनिफेस्टमध्ये नसते. त्यामुळे टेबलावर छान चालणारे अ‍ॅप ग्राहकाच्या फोनवर सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही, आणि बिचाऱ्या ग्राहकाला सीताबर्डीच्या मोबाइल दुकानात जाऊन सिम तपासून घ्यायला सांगितले जाते. दुसरा मोठा फरक आर८ या कोड आटोपशीर करणाऱ्या साधनाचा आहे. रिलीज बिल्डमध्ये आर८ न वापरलेले वर्ग (कोडचे घटक) काढून टाकते आणि उरलेल्यांची नावे आखूड करते. एखाद्या प्लगइनमधील उत्पादकाचे एसडीके, म्हणजे त्याने दिलेला तयार कोड, आपला वर्ग केवळ नावाच्या मजकुरावरून शोधत असेल, तर आर८ ला त्याचा वापर दिसत नाही आणि तो वर्ग गळून जातो.

इथेच नोंदणीच्या त्या फाइलचे एक वैशिष्ट्य जाणून घेण्याजोगे आहे. अँड्रॉइडवर त्या फाइलमध्ये प्रत्येक प्लगइनची नोंदणी स्वतंत्र ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे चूक झाली तरी पुढे जाऊ देणाऱ्या चौकटीत, गुंडाळलेली असते. एक प्लगइन नोंदणीत कोसळले तरी अ‍ॅप उभे राहते, बाकीची प्लगइन कामाला लागतात, आणि लॉगमध्ये ‘एरर रजिस्टरिंग प्लगइन’ अशी एक ओळ पडते. वापरणाऱ्याने दहा मिनिटांनी ते बटण दाबले की ‘मिसिंग प्लगइन एक्सेप्शन’ येते आणि विकासक त्या दहाव्या मिनिटापाशी शोधत राहतो, जेव्हा खरे कारण अ‍ॅप उघडतानाच सांगून झालेले असते. म्हणून रिलीज बिल्डचा लॉग पहिल्या सेकंदापासून घ्यावा. आर८ वर संशय असेल तर चाचणीपुरते ते एकदा बंद करून बिल्ड करावे. दोष नाहीसा झाला तर त्या वर्गासाठी कीप नियम, म्हणजे तो काढू नये असे सांगणारी ओळ, लिहावा आणि आर८ पुन्हा चालू करावे. ते कायमचे बंद ठेवणे म्हणजे छत गळते म्हणून घरात छत्री उघडून बसणे आहे.

पाचवा दावा, की अ‍ॅप काढून पुन्हा टाकले म्हणजे पाटी कोरी होते, हा ऐकायला सर्वांत निरुपद्रवी आहे आणि वस्तुतः चुकीचा आहे. अँड्रॉइड ६.० पासून ऑटो बॅकअपची सोय आहे. विकासकाने नकार दिला नसेल तर अ‍ॅपच्या सेटिंग, डेटाबेस आणि फाइली २५ एमबीपर्यंत वापरणाऱ्याच्या गूगल ड्राइव्हवर जातात आणि अ‍ॅप पुन्हा टाकताना परत येतात. बिघडलेले सेटिंगही त्यांच्याबरोबर परत येते. त्याहून वाईट प्रकार सांकेतिक साठवणूक करणाऱ्या प्लगइनमध्ये होतो. तिथे माहिती कुलूपबंद करून सेटिंगमध्ये ठेवलेली असते आणि किल्ली अँड्रॉइडच्या कीस्टोअरमध्ये असते. अ‍ॅप काढताना किल्ली नष्ट होते, ती बॅकअपमध्ये जात नाही. कुलूपबंद माहिती मात्र बॅकअपमधून परत येते. नव्या अ‍ॅपला कुलूप सापडते, किल्ली सापडत नाही, आणि लॉगिन करतानाच ते कोसळते. म्हणजे आधी नसलेला दोष या उपायाने निर्माण होतो. आयफोनवर उलटा प्रकार आहे: अ‍ॅप काढले तरी कीचेन या गुप्त माहितीच्या साठ्यातील नोंदी मागे राहतात, आणि नव्याने टाकलेल्या अ‍ॅपला जुन्याच खात्याची खूण सापडते. अशा साठवणुकीची फाइल बॅकअपमधून वगळणे हे विकासकाचे काम आहे. त्यासाठी ग्राहकाला अ‍ॅप काढायला लावू नये. शिवाय काट्यावर उभ्या असलेल्या माणसाने अ‍ॅप काढले आणि सकाळच्या न पाठवलेल्या नोंदी त्यासोबत गेल्या, तर त्याला काय उत्तर द्यायचे, हेही हा संदेश सांगत नाही.

उरला सहावा, एकेक प्लगइन काढत जाण्याचा. हा उपाय मला मनापासून पटतो, फक्त रीत बदलून. वीस प्लगइन एकेक काढण्यापेक्षा निम्मी काढून पाहावे, मग उरलेल्यांतील निम्मी. अशा पाच फेऱ्यांत संशयित सापडतो. पण मॅनिफेस्टच्या मिसळणीमुळे इथेही फसगत होते. फोटो निवडणारे एक प्लगइन आम्ही असेच काढले आणि रिलीज बिल्डचे इंटरनेट बंद झाले, कारण इंटरनेटची परवानगी आमच्या मुख्य मॅनिफेस्टमध्ये कधीच नव्हती, ती त्या प्लगइनच्या मॅनिफेस्टमधून येत होती. दोषी शोधता शोधता आम्ही एका निरपराध्याला दोषी ठरवले असते. ‘बिल्ड’ फोल्डरमधील लॉगमध्ये मॅनिफेस्ट मर्जरचा अहवाल असतो, आणि कोणती परवानगी कोणत्या प्लगइनकडून आली हे त्यात ओळीओळीने लिहिलेले असते. प्लगइन काढण्याआधी आणि काढल्यानंतरचा अहवाल शेजारीशेजारी ठेवला की ही फसगत टळते.

लॉग वाचण्यात वेळ घालवू नये, या पुस्तीमागे एक खरी अडचण आहे हे मी नाकारत नाही. ग्राहकाच्या फोनला केबल लावायला प्रत्येक वेळी कळमन्याला जाता येत नाही. म्हणून त्या काटापट्टीच्या अ‍ॅपमध्ये आम्ही ‘तपासणी’ नावाचे एक पान घातले आहे. त्यावर अ‍ॅपची आवृत्ती, अँड्रॉइडची आवृत्ती, प्रत्येक परवानगी दिली आहे की नाही, आणि प्रत्येक प्लगइनला एक साधा प्रश्न विचारून मिळालेले उत्तर किंवा आलेला अपवाद जसाच्या तसा दिसतो. परवा मुनीमजींनी फोन न करता त्या पानाचा फोटोच पाठवला, प्रिंटरच्या ओळीपुढे ‘ब्लूटूथ बंद’ असे आले होते, आणि त्याखाली त्यांनी लिहिले होते, “सुरू केलं भाऊ, पट्टी निघाली.”