नऊ फुटी पतंग आणि कुलरचं स्टँड

नऊ फुटी डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, पतंग बाजारातल्या चक्रीवर उडवू नये. हा पतंग काटाकाटीचा नाही. वर जायचं आणि ऐटीत उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दोराची ओढ चौपट होते, आणि हे गणित माझ्या पुतण्याला नागपूरच्या रेशीमबागेच्या मैदानावर प्रात्यक्षिकासह समजलं. चक्री धुरळा उडवत पुढे, पुतण्या तिच्या मागे. संध्याकाळी त्यानं चक्री धरायच्या कामाचा राजीनामा दिला. कारण दाखवलं बारावीचं.

म्हणून मोठी चक्री घरीच बनवायला काढली.

आधी दोर. ऐन जानेवारीत इतवारीतल्या एका दुकानात जाऊन मी विचारलं, “पतंगासाठी जाड दोर आहे का? पॉलिस्टरचा?” दुकानदारानं मला पाहिलं, रस्ता पाहिला, पुन्हा मला पाहिलं. नायलॉन मांजावर हरित लवादानं 2017 साली देशभर बंदी घातली आहे, आणि ती योग्यच आहे. गळे कापले जातात माणसांचे.

“तसलं आपण नाही ठेवत भाऊ.”

“मांजा नको हो. काच नसलेला, विणलेला, दोन मिलिमीटरचा दोर.”

“पतंगासाठीच ना?”

“हो.”

“मग तेच तर म्हणून राहिलो, नाही ठेवत.”

शेवटी कपडे वाळवायला पाहिजे म्हणालो. लगेच निघाला. “किती देऊ?” “दोनशे मीटर.” तो पुन्हा रस्त्याकडे पाहायला लागला.

पुढचं काम आमच्या भाटव्यांनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, स्वतःहून अंगावर घेतलं. नळकामातून उरलेला चार इंची पीव्हीसी पाईप, दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या चकत्या, मधून लोखंडी सळई. दिसायला झकास. पतंग चढला, भरपूर दोर गेला, आणि भाटव्यांनी तो ताणातच गुंडाळत खाली ओढायला घेतला. ताणलेल्या दोराचा एकेक वेढा पाईपला जरासाच आवळतो. पण शेकडो वेढे एकावर एक बसले की पाईपची खैर नसते. कर्रर्र आवाज झाला आणि पाईप मधोमध चपटा. भाटवे शांतपणे म्हणाले, “पाईपच हलका निघाला.”

मग सुताराकडून सागाचा भरीव रूळ कातून आणला. कबाड्याकडून सायकलचं फ्रीव्हील आणलं. ते एका दिशेनं टिकटिक करत फिरतं आणि उलट अडतं, म्हणजे गुंडाळताना हात सुटला तरी दोर परत पळत नाही. दोर सोडायचा असेल तर खीळ काढायची. त्या वेळी हँडल गरगर फिरून बोटं फोडतं, म्हणून तेही काढता येईल असं केलं. ब्रेकला कमरेचा जुना पट्टा. हे सगळं बसवायला भक्कम काहीतरी हवं होतं, आणि नागपूरच्या घरात जानेवारीत रिकामं बसलेलं एकच भक्कम सामान असतं.

“अहो, कुलरचं स्टँड कुठाय?” असा आवाज आला, तोवर त्याला भोकं पाडून झाली होती.

स्टँड मैदानात टेकवलं तर एक काका स्कूटर थांबवून म्हणाले, “काऊन भाऊ, बोअरची मोटर काढून राहिले काय?”

एवढं झाल्यावर कळतं की मोठा पतंग चक्रीनं ओढायचाच नसतो. चक्री जागेवर घट्ट ठेवायची, दोरावर कप्पी अडकवायची आणि ती खाली दाबत पतंगाच्या दिशेनं चालत जायचं. पतंग आपसूक उतरतो. मग सैल पडलेला दोर निवांत गुंडाळायचा. फक्त तोवर स्टँड सरकू नये म्हणून त्यावर कुणीतरी वजनदार माणूस बसवावा लागतो.

“मले काय करा लागते?” भाटव्यांनी विचारलं.

“काहीच नाही. नुसतं बसायचं.”

ते ऐसपैस बसले. मी कप्पी घेऊन निम्म्या मैदानात पोचलो, दोर काखेत, पतंग डोक्यावर भणभणतोय, तेवढ्यात मागून हाक आली.

“साळेबुवा, तर्री-पोहे सांगा न एक प्लेट. नाहीतर मीच उठून घेऊन येऊ का?”