नामदेवांनी काय शिवलं असेल?

जानेवारी 2025 मध्ये ‘छावा’चा ट्रेलर आला, त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, वाद पेटला आणि दिग्दर्शकाने तो प्रसंग कापून टाकला. 2015 मध्ये ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’ गाण्यावरून असाच वाद झाला होता. काशीबाई अशा नाचल्या असत्या का, म्हणून पेशव्यांच्या वंशजांनीही आक्षेप घेतला होता. दोन्ही वेळा आमच्या घरच्या ग्रुपवर काका, मामा, आत्या सगळे हिरिरीने उतरले. मी सगळं वाचलं. महाराजांना हे शोभतं का, आपल्या बायका अशा वागत होत्या का, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. अंगरख्याचा बंद डावीकडे की उजवीकडे, कापड कुठलं, हे कशावरून ठरवलं, असं मात्र कुणीही विचारलं नाही.

मला ते खटकलं, कारण माझ्या शनिवार-रविवारचा छंदच तो आहे. मी पश्चिम पेनसिल्व्हेनियात राहतो. इथून जवळ, स्लिपरी रॉक गावालगतच्या एका कॅम्पग्राउंडवर दर उन्हाळ्यात जुलैअखेरीपासून सुमारे दोन आठवडे ‘पेन्सिक’ भरतं. 1972 साली सुरू झालेली ही मध्ययुगीन जत्राच म्हणा: दहा हजारांच्या आसपास माणसं, तंबू, चिलखतं घालून लढाया, आणि दिवसभर चालणारे वर्ग. भरवणारी संस्था सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम, म्हणजे एससीए. 1966 साली बर्कलीतल्या एका परसदारच्या पार्टीतून ती जन्मली. आत शिरायला कपड्यांची अट एकच आहे: सतराव्या शतकाच्या आधीचा पोशाख करण्याचा प्रामाणिक प्रयत्न दिसला पाहिजे. नुसता प्रयत्न. चादरीला भोक पाडून डोक्यातून घातली तरी पहिल्या वर्षी कुणी हाकलत नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र माणूस शिवायला लागतो. मीही लागलो. मावशी फोनवर म्हणाली, “एवढा शिकून तिकडे जाऊन शिंपीकाम करतोस होय रे?” करतो, मावशी.

मी शिवतो ते बहुतेक चौदाव्या-पंधराव्या शतकातले लोकरी डगले. त्यांचा उगम ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला, हेर्योल्फ्सनेस नावाच्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्यांच्या, वसाहतीच्या दफनभूमीत. तिथे लाकडाचा दुष्काळ होता, त्यामुळे पुष्कळ मृतांना पेटी न मिळता त्यांच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जुन्या कपड्यांत गुंडाळून पुरलं गेलं. जमीन गोठलेली राहिली. 1921 मध्ये डॅनिश पुरातत्त्वज्ञ पॉल नॉरलुंड यांनी खणलं तेव्हा डगले, टोप्या, मोजे असे कपडेच्या कपडे बाहेर आले. आज त्यांतले बरेच कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, आणि त्यांची शिवण कुठून कुठे जाते ते मापांसकट छापलेलं आहे. राजाराण्यांचे नव्हेत, शेतकरी-मेंढपाळांचे कपडे.

हे कपडे कापायला बसलं की मजा कळते. कागदी फर्मा लागत नाही. धडाला आयताकृती तुकडे, बाजूंना कळ्या, समोर आणि मागे मधोमध चीर देऊन तिथेही कळी. हात वर करता यावा म्हणून काखेत जादा तुकडा. मागावरून उतरलेलं कापड महाग, म्हणून चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही, हे सगळं त्या हिशेबातून आलेलं. आजीचा कळ्यांचा परकर किंवा घरात कुणाचा जुन्या घाटाचा सदरा उसवून पाहिला असेल, तर हे गणित ओळखीचं वाटेल. सगळ्यात जीव खाते ती मधली कळी. चिरेच्या टोकाशी शिवणीला जागा उरतच नाही, मेण लावलेल्या दोऱ्याने बारीक टाके घेत ते टोक सांभाळावं लागतं. मशीनवर ते चुरगळतंच. लंडनला टेम्सकाठच्या चिखलात सापडलेल्या चौदाव्या शतकातल्या एका बाहीला कापडाचीच इवलीशी बटणं ओळीने लावलेली आहेत. तशी बटणं नि त्यांची काजं करायला घेतली की हिवाळा सरतो.

वाद इथेही होतात, आणि कडाक्याचे होतात. आतल्या, न दिसणाऱ्या शिवणीला मशीन चालेल का? दहा फुटांवरून बरं दिसलं म्हणजे झालं, असं म्हणणारा एक पक्ष. जवळ येऊन टाके मोजणारा दुसरा. ऑगस्टच्या उन्हात लोकर घालायची की गपचूप लिनन? कलाकौशल्याच्या स्पर्धेत वस्तूसोबत टिपण द्यावं लागतं: हे कुठल्या उत्खननातलं, कुठल्या चित्रातलं, आणि कुठे मी पुराव्याला सोडून गेलो. त्या शेवटच्या रकान्यामुळे मला हा प्रकार आवडतो. तो लिहिताना आवाज आपोआप खाली येतो. ज्याने स्वतः बाही लावली आहे, तो दुसऱ्याच्या बाहीबद्दल जरा जपून बोलतो.

पण पुरावा दाखवला की प्रश्न मिटला, असंही नाही. 2018 च्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियाकडच्या, एससीएच्या भाषेत ‘केड’ राज्याच्या, खेळातल्या राजाराणीने घातलेल्या झग्यांच्या पट्टीवर स्वस्तिकं विणलेली होती. नॉर्वेतल्या एका प्राचीन थडग्यातल्या पट्टीवर तशी नक्षी खरोखर आहे. ऐतिहासिक कसोटीवर ती पास. तरी गदारोळ झाला आणि दोघांना पद सोडावं लागलं. दिवाळीत उंबऱ्यावर स्वस्तिक काढणाऱ्या माझ्यासारख्याला आधी वाटलं, उगाच चाललंय. मग ज्यांच्या घरातली माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली त्यांच्या बाजूने पाहिलं, आणि निर्णय पटला. म्हणजे ‘हे शोभतं का’ हा आपल्याकडचा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. तो पहिला आणि एकमेव असतो, ही माझी तक्रार आहे.

शिवाय इथल्यांना एक सोय आहे. त्यांचे चौदाव्या शतकातले राजे निवडणुकीत उतरत नाहीत. आपले उतरतात. आणि पोशाख आपल्याकडे कधी नुसता पोशाख नव्हता. कुणी काय घालायचं, काय घालायचं नाही, हे जात ठरवत होती. त्या इतिहासातून आलेल्या माणसाला ‘मजा म्हणून जुने कपडे घालू या’ हे सांगणं सोपं नाही. पेन्सिकमध्येही बघा, जो तो सरदार नाहीतर सरदारीण. तिकडे शिवजयंतीच्या मिरवणुकीत ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेले सगळे मावळे. धुणं धुणारा दोन्हीकडे कुणालाच व्हायचं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात मला शेजारच्या तंबूतल्या बाईंनी विचारलं, तू नेहमी ग्रीनलंडचाच का असतोस, तुझ्या मुलखाचं काही कर ना. एससीएचा भर युरोपवर असला तरी बाकीच्यांना मज्जाव नाही. मी म्हटलं, करू. चौदावं शतक, पंढरपूर. माणूस कोण, तर डोळ्यांपुढे एकच: नामदेव. हेर्योल्फ्सनेसच्या मेंढपाळांच्या आसपासच्याच काळातला, आणि जातीने शिंपी. गुरु ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या एका पदात सोन्याची सुई आणि रुप्याचा धागा येतो. शिंपी होते म्हणजे शिवलेले कपडे होते. कसले? कोणासाठी? अंगी, कुंची, तंबू, देवाची वस्त्रं? ‘शिवलेला कपडा मुसलमानांबरोबर आला’ असं घरी आजही ठासून सांगितलं जातं, आणि अजिंठ्याच्या भिंतींवर पाचव्या शतकातल्या बायका बाह्यांच्या शिवलेल्या चोळ्या घालून उभ्या आहेत.

ग्रीनलंडच्या अनाम मेंढपाळाचा डगला मी टाक्याटाक्याने शिवू शकतो. नामदेवांची अंगी मला कापताही येत नाही.

कारणं उघड आहेत. आपण माणसं पुरत नाही, जाळतो. उरलेलं पावसाळा, कसर आणि वाळवी बघून घेतात. त्यातूनही वाचलेल्या लुगड्याची गोधडी होते, गोधडीचं पोतेरं होतं, आणि जरीचं असेल तर बोहारीण भांडं देऊन घेऊन जाते. मध्ययुगातलं भारतीय सुती कापड पाहायचं तर इजिप्तकडे वळावं लागतं. जुन्या कैरोतल्या फुस्तातच्या कोरड्या मातीने गुजराती ठशांच्या कापडाचे तुकडे जपले, त्यांतले हजाराहून अधिक ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत. पण ते तुकडेच. त्यावरून कळी कुठे लावली ते समजत नाही.

तरी काहीच नाही असं म्हणवत नाही. तेराव्या शतकातलं बारीकसारीक रोजचं जगणं टिपणारं ‘लीळाचरित्र’ आहे. यादवकाळातल्या देवळांवरची शिल्पं आहेत. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे संक्रांतीला आजही पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायची अंगी, घालतात, आणि ती शिवणारे हात अजून आहेत. ती बाराबंदी तशीच्या तशी चौदाव्या शतकातली, असं मी म्हणणार नाही. पण त्या शिंप्याशेजारी बसून तो काखेत काय करतो ते कुणी मापांसकट लिहून घेतलं, तर ग्रुपवरच्या दहा वादांपेक्षा मला ते हवं आहे. शिवलेली, चेन लावलेली नऊवारी घालून पाडव्याला बुलेट चालवणाऱ्यांवर माझा राग नाही, झकास दिसतात. तिला फक्त आजची म्हणा, जिजाऊंच्या काळातली म्हणू नका.

पुढच्या पेन्सिकसाठी धोतर आणि उपरणं पक्कं आहे, त्यांना सुई लागतच नाही. सुती कापड हातमागाचं आणेन, पुण्याहून भाऊ येताना. अंगी बाह्यांची करायची की बिनबाह्यांची, गळा गोल की पुढे उघडा आणि बंदांचा, इथे अडलो आहे. कुणाला त्या काळातलं एखादं शिल्प, एखादी ओळ ठाऊक असेल तर जरूर कळवा. देवळाचं नाव आणि फोटो पुरे. मालिकेतला फोटो पाठवू नका.