बान्फला नुसतं घर घेऊन भागत नाही
'पैसे साठवा, बान्फला घर घ्या आणि रोज डोंगर चढा' हे तुमच्याकडच्या बान्फवरच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. कॅनडातलं ते गाव राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे. जमीन सरकारची, भाडेपट्ट्यानं मिळते, आणि राहायचं तर तिथं नोकरी किंवा धंदा लागतो. हौस हे कारण चालत नाही! माझी पुतणी दोन वर्षं तिथं हॉटेलात होती. एका खोलीत तिघी, जानेवारीत उणे 25. तरी सुट्टी मिळाली की स्की खांद्यावर टाकून निघायची, हेही खरं.

पण त्याच लेखात म्हटलंय तसं 'आपल्याकडे असं जगणंच नाही'? आम्ही कोल्हापूरकर दर रविवारी पहाटे सायकलनं पन्हाळा गाठतो, वीसेक किलोमीटर. पुतणी आता परत आलीय. परवा वाघबिळाच्या चढावर आम्हा सगळ्यांच्या पुढं होती.