चाखून केलेलं निदान

कालचीच गोष्ट आहे आणि डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून टाकते. निळ्या-गुलाबी फुलांच्या हायड्रेंजियाची पानं चिकट झाली होती, म्हणजे कुंडी सरकवताना बाहीच पानाला चिकटली इतकी चिकट, आणि वरून बघाल तर पानं मस्त चकचकीत, कुणी म्हणेल वा काय तब्येत आहे झाडाची. मी पान उलटं करायला वाकले तोच शेजारचे काका कुंपणापाशी हजर. काकांना बोलवावं लागत नाही, अंगणात कुणी वाकलेलं दिसलं की ते येतातच.

"काय झालं गं?"

"पानं चिकट झालीयेत काका."

"बघू." कुंपणावरून हात आत आला, पानावरून बोट फिरलं आणि मी "अहो काका" म्हणेपर्यंत बोट तोंडात. डोळे मिटून, जिभेवर घोळवून वगैरे.

"गोड आहे."

मग खात्री करायला शेजारच्या कुंडीचंही चाखलं. "हे जरा कमी गोड. साखरेचं पाणी घालतेस का?"

"नाही हो."

"मग गोड कसं?"

"काका, मावा पडलाय, झाडाचा रस पिणारी बारीक कीड. ते माव्याच्या मागून येतं ते आहे."

मला वाटलं आता तरी जातील. काकांनी बोटाकडे बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग मध तरी काय वेगळा असतो?"

आता संताप याचा आहे की हे अगदीच चूक नाही. काही जंगलांत मधमाश्या फुलं सोडून माव्याचा आणि खवले किडीचा हाच चिकटा गोळा करतात आणि त्याचा गडद रंगाचा मध होतो, लोक तो आवडीने खातात. पण हे मी काकांना सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

बाकी प्रकार सोपा आहे. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि वाढीला लागणारी अमिनो आम्लं नावाला, त्यामुळे मावा घटाघटा रस पितो आणि उरलेली साखर मागून सोडून देतो. ती खालच्या पानावर पडते. म्हणजे चिकट पान बिचारं निर्दोष असतं, गुन्हेगार त्याच्या वरच्या पानाच्या पाठीला नाहीतर कोवळ्या शेंड्यावर बसलेला असतो, आणि कधीकधी तर वर पसरलेल्या दुसऱ्याच झाडावर. मुंग्यांची रांग लागली की ओळखावं. त्या माव्याला मिशांनी गुदगुल्या करून थेंब पितात आणि बदल्यात त्याला राखतात. वाढीच्या दिवसांत माव्याच्या माद्यांना नराची गरज नसते, थेट पिल्लंच होतात आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच तयार असते, त्यामुळे बघू उद्या म्हणायची सोय नाही.

हे सगळं मी सांगत असताना काका म्हणाले, "गंजके खिळे पुर कुंडीत."

का तर म्हणे फुलं निळी व्हायला हायड्रेंजियाला खिळे लागतात. जगात सगळ्यांना या झाडाबद्दल एवढी एकच गोष्ट माहीत असते आणि तीही चुकीची. फुलं निळी होतात ती आम्लधर्मी मातीतल्या ॲल्युमिनियममुळे, लोखंडाचा संबंध नाही, आणि चिकट पानांचा तर निळ्या-गुलाबीशीही नाही! मग म्हणे कपडे धुवायची पावडर मार. तिने पानं करपतात काका. मग म्हणे तुझं तूच बघ मग, पण गेले नाहीत.

उलट वाकले, पानावरून काहीतरी चिमटीत उचललं, "हा बघ तुझा किडा!" आणि चिरडला.

ती लेडीबर्डची अळी होती. काळी, नारिंगी ठिपक्यांची, दिसायला चिमुकल्या मगरीसारखी, पण मावा फस्त करते. अख्ख्या झाडावर माझ्या बाजूने काम करणारी ती एकटी होती आणि काकांनी बोट माझ्याच पानाला पुसलं. यावर मला खरंच हसू येत नाहीये. मावा कितीतरी होता, एकही त्यांना दिसला नाही.

कुणीच पान उलटं करत नाही हो. औषधं विकणाऱ्याला नुसतं "चिकट" म्हटलं तर त्याने कीड कुठली हेही न विचारता जालीम विषाची बाटली पुढे सरकवली.

मी पाईप घेऊन पानांच्या पाठीवर जोरात पाणी मारलं, मावा बराच गळून पडला, काही दिवसांनी परत मारावं लागणार. उरलेल्यावर संध्याकाळी, ऊन गेल्यावर, कीटकनाशक साबण. तो किड्याच्या अंगाला ओला लागला तरच उपयोग, वाळला की संपलं, म्हणून पाठीमागून सगळं भिजवायचं. नायट्रोजनवालं खत बंद, त्याने लुसलुशीत शेंडे फुटतात आणि माव्याची चंगळ होते. चिकटा ओल्या फडक्याने पुसला, त्यावरची काळी बुरशीही निघाली, ती पानात घुसत नाही, वर साखरेवर जगते.

एका झाडावर मात्र देठाला पांढऱ्या लांबट पिशव्या निघाल्या, खवले कीड, आत अंडी. ही पाण्याने हलत नाही, मऊ ब्रशने खरवडायची आणि फारच झालं तर फांदी कापून टाकायची.

काका आज सकाळी परत आले. "छान आहे गं झाड, एक फांदी दे ना लावायला." उद्या देते म्हटलं. पिशव्यावाली फांदी अजून कापलेली नाही.