थांब की रे, एकच!

पोरगं गाढ झोपलंय, अंगठा तोंडात आहे, घरात सगळं शांत आहे. अशा वेळी त्याच्याकडे नुसतं बघत बसणं हा आईपणातला मोठा हलगर्जीपणा. आधी ट्यूबलाईट लावा. दचकून उठलं तर उठू दे, रडतानाचेही फोटो लागतातच. पुण्याच्या नणंदेला तेच जास्त क्यूट वाटतात.

एकावर कधी थांबू नका. आपल्या आयांच्या वेळी रोलमध्ये ३६ फोटो बसायचे आणि त्यातच बारसं, वाढदिवस आणि यल्लम्माची जत्रा उरकायची. वर रोल संपला नाही म्हणून धुवायला टाकायचा राहून जायचा. तुम्ही बटण दाबूनच धरा. एका हसण्याचे चाळीस निघतील. त्यातला बरा कुठला, हे भिशीच्या ग्रुपवर विचारा. अर्थात चाळीसही टाकून.

शिवजयंतीला मात्र कसूर नको. महाराष्ट्र सरकारची १९ फेब्रुवारीला, बेळगावची परंपरेने वैशाखात; म्हणजे एका जिरेटोपात दोन शूटिंग. चित्ररथ रात्री निघतात हे खरं, पण उजेड दुपारचा चांगला. म्हणून महाराजांना दोन वाजताच मखमली अंगरखा चढवून गच्चीवर न्यावं. दाढी गमनं चिकटवलेली. महाराज म्हणतील, "आई, खाजालंय की." हात लावू देऊ नका. तलवार वर, मान जरा डावीकडं, नजर करारी. नजर करारी येत नसेल तर शेजारच्या काकूंना तुमच्या मागं उभं करा. त्या कानडीत "इल्ली नोड, इल्ली नोड" (इकडं बघ) करत टाळ्या वाजवतील. (सीमाप्रश्न कोर्टात असला तरी पोराला हसवायच्या कामी दोन्ही भाषा बिनतक्रार नांदतात.) रात्री पहिला चित्ररथ दिसेपर्यंत महाराज तुमच्या खांद्यावर झोपलेले असतील, निम्मी दाढी तुमच्या पदराला. फ्लॅश चालू आहे ना, बघून घ्या.

दिवाळीतला किल्ला बाबांनी बांधावा. पोराचा हात चिखलाला लागला तर नवा कुर्ता गेला. फोटोपुरता एक मावळा हातात द्या, काढून झाला की परत घ्या.

पावसाळ्यात गोकाकला जालच. घटप्रभा ५२ मीटरवरून गढूळ होऊन कोसळत असते, बोललेलं ऐकू येत नाही, तोंडावर तुषार येतात. पोराचं तोंड आपोआप उघडं पडतं आणि ते तिकडंच बघत राहतं. इथं सावध राहायचं. त्याला धरून फिरवा, धबधब्याकडं पाठ, फोनकडं तोंड. धबधबा काय, घरी आल्यावर फोनमध्ये दाखवता येतो.

आता जागेचं. गूगल १५ जीबी फुकट देतं आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच धरतं. तुमची भरली की नवऱ्याची वापरा, मग सासऱ्यांची. ती भरली की त्यांना मेल यायचे बंद होतात. पेन्शनचं काही अडलं तर सांगा, नातवाच्या पहिल्या मुंडावळ्या आहेत त्यात. (मुंजीला अजून सहा वर्षं आहेत, पण भाड्यानं मिळाल्या.) जुने फोटो कधी बघायचे, असं कुणी विचारलं तर त्याला ग्रुपमधून काढा.

एक धोका तेवढा राहतो. तुम्ही चुलीशी असताना पोरगं कधीतरी फोन पळवेल, तुमच्यावर रोखेल आणि म्हणेल, "थांब की गं, एकच." फोटो येईल तो असा: हात भाकरीच्या पिठानं भरलेले, केस पिंजारलेले, कपाळ निम्मं कापलेलं, हसू मात्र भलतंच. त्या सगळ्या जीबींमध्ये तुमचा असा तेवढा एकच असेल. जागा कमी पडायला लागली की पहिल्यांदा तो उडवा.