दमलेलं पोर आणि ढाकणभर सिरप

पंधरवड्यापूर्वी रात्री पावणेअकराला चोपड्याहून भाचीचा व्हिडिओ कॉल. "मावशी, सर्दीचं सिरप ढाकणभर दिलं तर चालतं ना गं? सर्दी नाहीये त्याला, पण झोपतच नाही." मागून तिच्या सासूबाई, "दी दे ना, जपी जाई तो गुपचूप." त्यांच्याही मागे भाचीचे साडेतीन वर्षांचे चिरंजीव दिवाणावरून गादीवर उड्या मारत होते. डोळे चोळायचे, जांभई द्यायची, पुन्हा दिवाणावर चढायचं.

हे सिरपचं खूळ आलं भाचीच्या मोठ्या जावेने घरच्या ग्रुपवर टाकलेल्या मेसेजमधून. 'दमलेलं मूल झोपत नाही? डॉक्टर सांगणार नाहीत असे पाच उपाय.' दुपारची झोप बंद करून पोराला पुरतं दमवा. निजताना सर्दीचं सिरप द्या. दुधात जायफळ उगाळा. मोबाईलवर अंगाई लावून हातात द्या. दात खात असेल तर जंताचं औषध पाजा. खाली हात जोडलेले, 'प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा'. पोहोचला. माझ्याकडे एकटीकडे चार ग्रुपांतून पोहोचलाय.

आधी सिरपचंच बघू, कारण बाकीच्या मूर्खपणाने रात्र वाया जाते, याने पोर जाऊ शकतं. भाचीला म्हटलं, बाटली फिरव आणि मागची बारीक अक्षरं वाच. क्लोरफेनिरामाईन (वाहतं नाक थांबवणारं), फिनाईलएफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं), पॅरासिटामॉल (तापाचं). यातली पहिली दोन औषधं एकत्र असलेलं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी १८ डिसेंबर २०२३ ला कंपन्यांना सांगितलंय. तेही खरोखर सर्दी झालेल्या मुलांसाठी. आमच्याला तर सर्दीसुद्धा नव्हती.

"पण थोडंसंच दिलं तर?" थोडंसं म्हणजे किती? ढाकणभर? क्लोरफेनिरामाईनने गुंगी येते हे खरं, पण काही मुलांना ते उलटं चढतं, पोर झोपायच्या ऐवजी किरकिरं आणि सैरभैर होतं. मग आई अजून अर्धं ढाकण देते. त्यात रोज पोटात जाणारं पॅरासिटामॉल. उद्या ताप आला की तापाचं वेगळं सिरप, त्यातही पॅरासिटामॉलच. लिव्हरवर दुहेरी मार, आणि घरात कुणाला पत्ता नाही. २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने लेकरं गेली, ते विषारी भेसळीचं प्रकरण, वेगळं. पण त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं नकोतच आणि पाच वर्षांखालीही साधारणपणे देऊ नयेत. गरज नसताना बाटली उघडायचीच कशाला?

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन पाळीवर जायच्या. त्यांना निदान दुसरा इलाज नव्हता. आपल्याकडे घरात सासू, नणंद, जाऊ, पंखा, कूलर सगळं असून आपण तेच करायचं?

आता 'दमवा'. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ला टेकलेला असताना पोराला दमवायचं म्हणजे अंगणात सोडायचं का? आणि ते दमलेलंच होतं! आठवड्यात दोन लग्नं, हळदीला रात्री बारापर्यंत बँड, दुपारी पाहुण्यांच्या गलक्यात झोप नाही. झोपेची वेळ टळून गेली की शरीर जागं राहण्यासाठी स्वतःलाच चाबूक मारतं. त्या उड्या म्हणजे अंगात ताकद उरल्याची खूण नव्हे, थकवा टोकाला गेल्याची आहे. या वयाला दुपार धरून दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते, जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. एवढं मात्र कबूल, की पाच वाजता झोपवून सात वाजता उठवलंत तर रात्री तमाशा होणारच. दुपारी जेवण झाल्यावर निजवा, चारच्या आत उठवा.

जायफळ पुरणात शोभतं. दुधात किती उगाळलं हे कुणी मोजत नाही, आणि जास्त झालं की छाती धडधडते, भासही होतात. मोबाईलबद्दल काय बोलायचं? तोंडाजवळ दिवा धरून कुणी झोपतं का!

जंताचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. बारीक सुतासारखे कृमी रात्री गुदाशी येऊन अंडी घालतात, खाज सुटते, पोर तळमळतं. ते दिसलं तर डॉक्टरांकडून गोळी घ्या; अंगणवाडीत १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मिळते ती चुकवू नका. नुसतं दात खातं म्हणून जंत, हे काही खरं नाही.

मग भाचीने काय केलं? तो एरवी साडेदहाला झोपतोय ना, तर झोपवायचं साडेदहालाच. त्याआधी तास-दीड तास गादीवर झटापट नाही. दहाला कोमट पाण्याने अंघोळ, कारण आमच्याकडे रात्री नऊला हात लावला तरी भिंत तापलेली असते आणि अंग थोडं निवल्याशिवाय डोळा लागत नाही. मग गच्चीवर पाणी शिंपडून अंथरूण, दिवा बंद, आजोबांची रोज तीच एक कोल्ह्याची गोष्ट. लवकर झोप लागायला लागली की दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. सकाळी उठवायची वेळ मात्र पक्की. पहिले दोन दिवस रडला. काल पावणेदहाला गोष्टीत कोल्हा विहिरीपाशी पोहोचायच्या आत घोरत होता. लाक्षणिक अर्थाने. खरोखर रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

मधल्या लग्नाला गेले होते तेव्हा ती बाटली पर्समध्ये टाकून घेऊन आलेय. जावेला हवी असेल तर भुसावळला येऊन घेऊन जावी, सोबत लेबलही वाचून दाखवीन.