एकटीनं जेवायचा क्लास

इन-योंग नोकरी करते. दुपारी ऑफिसातले सगळे घोळक्यानं जेवायला बाहेर पडतात आणि तिला कुणी बोलवत नाही. मग ती एक क्लास लावते. बाहेर एकटीनं जेवायला शिकवणारा. रीतसर फी, शिक्षक, पायऱ्या. सोप्या जागांपासून सुरुवात, आणि खरा अवघड धडा म्हणजे टेबलावरच्या शेगडीवर मांस भाजून खायचं हॉटेल.

युन को-उन या कोरियन लेखिकेची ही कथा. मूळ संग्रह २०१० चा. लिझी ब्यूलरनं केलेला इंग्रजी अनुवाद ‘टेबल फॉर वन’ २०२४ मध्ये आला. मी ही कथा एका आठवड्यात तीनदा वाचली.

पहिल्या नोकरीत माझंही हेच झालं होतं. एक वाजला की टेबलं जोडली जायची, डबे उघडायचे, आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली जायची नाही. कुणी वाईट बोलल्याचं आठवत नाही. मी पावणेदोनला जेवायचे, सगळे परतल्यावर, आणि स्टीलच्या डब्याचं झाकण वाजू नये म्हणून ते रुमालात धरून उघडायचे. भूक लागलेली असायची, पण घास गिळताना आपल्याकडे कुणीतरी बघतंय असं वाटत राहायचं. ते बघणं या लेखिकेनं जसंच्या तसं पकडलंय.

कोरियनमध्ये घरच्या माणसांना ‘सिक्कू’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘खाणारी तोंडं’. आपणही विचारतोच ना, घरात खाणारी तोंडं किती? ख्यालीखुशाली विचारायची तर तिथेही ‘जेवलात का?’ हाच प्रश्न. जिथे नातं ताटावरून मोजलं जातं, तिथे एकट्याचं ताट सगळ्यांच्या डोळ्यांत येतं. मांस भाजून खायच्या कित्येक हॉटेलांत आजही कमीत कमी दोन माणसांची ऑर्डर द्यावी लागते. म्हणजे कथेत कल्पनेतला आहे तो फक्त क्लास. आपल्याकडचा वेटर ‘एकच?’ असं विचारतो, त्यातला तो ‘च’ मला अजून टोचतो.

मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते हे, की तो क्लास इन-योंगला सोबत मिळवून देत नाही. सोबत नसल्याचं सहन करायला शिकवतो, आणि त्याचे पैसे घेतो. तिला न बोलवणाऱ्यांना कुणीच काही शिकवत नाही. एकटेपणाबद्दल बोलताना आपण लगेच मोबाइलवर घसरतो, त्या माणसाच्या स्वभावावर घसरतो. जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाला हाक मारतं, याकडे बघत नाही.

दक्षिण कोरियात एकट्या माणसाची घरं २०१० मध्ये शंभरात सुमारे २४ होती, २०२३ मध्ये ३५ च्या वर गेली. एकट्यानं जेवण्याला ‘होनबाप’ असा शब्द आता तिथे सर्रास वापरतात. कथा त्या आधीची आहे, हे लक्षात घेऊन वाचा.

याच संग्रहात लोकांसाठी स्वप्नं पाहून ती विकणारा माणूस आहे, ढेकणांच्या धास्तीनं पछाडलेलाही आहे. स्वप्नांची कथा मला थोडी लांबलेली वाटली. बोरा चुंग या कोरियन लेखिकेचं ‘कर्स्ड बनी’ हे कथांचं पुस्तकही वाचा. २०२२ मध्ये गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधी’ या हिंदी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, त्याच अंतिम यादीत ते होतं. त्यातल्या एका कथेत संडासातून एक डोकं वर येतं आणि बाईला ‘आई’ म्हणून हाक मारतं. ते डोकं त्या बाईनं आयुष्यभर टाकून दिलेल्या घाणीतून घडलेलं आहे. किळस येते, आणि पुढच्या पानावर त्या डोक्याची दया येते.

अशा कथांना ‘विचित्र’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. इन-योंगचं दुःख सरळ सांगितलं असतं तर ‘एवढं काय त्यात, खायचं गुमान’ असं म्हणून आपण पान उलटलं असतं. माझ्या आईनं तेव्हा मला हेच सांगितलं होतं, आणि तिचंही चुकलं नव्हतं, तिला ते दिसतच नव्हतं. क्लासची फी, धडे, सराव असं सगळं मांडल्यावर मात्र ते दिसतं.

‘टेबल फॉर वन’ची माझी प्रत पुण्यात कुणाला हवी असेल तर कळवा. पानांच्या कडेला मी पेन्सिलीनं बरंच लिहिलंय, तेवढं चालवून घ्या.